भाऊ म्हणतो उठाव, पाळक म्हणतात अधीनता

एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या आपल्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी मुलांना शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवतात. त्यांचा धाकटा भाऊ सरकारविरोधी आंदोलनात उतरला आहे. हे सरकार अन्यायी आहे, ते उलथवलंच पाहिजे, त्यासाठी रक्त सांडावं लागलं तरी मागे हटायचं नाही, असं तो म्हणतो. येशूने मंदिरातले सराफांचे चौरंग पालथे केले होते, याची तो बहिणीला आठवण करून देतो. त्याच आठवड्यात पाळकांनी रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर, म्हणजे अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं सांगणाऱ्या बायबलमधल्या भागावर, उपदेश केला आणि मोर्चात जाणं हेसुद्धा देवाने नेमलेल्या अधिकाराविरुद्ध बंड आहे, असं सांगितलं. भावाने उपासनेला येणं सोडलं. वडील गेल्यापासून दोघं भावंडं रोज संध्याकाळी एकत्र प्रार्थना करत, तीही आता बंद आहे. ताई लिहितात, "तो अध्याय भावाला वाचून दाखवला तर मी खोटी ठरते, नाही दाखवला तर शास्त्राशी बेइमान ठरते. देव नक्की कोणाच्या बाजूने आहे?"

प्रिय ताई,

तुमचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. हा अध्याय मीही एकदा चुकीच्या वेळी वाचून दाखवला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासगटात एक बाई तिच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल बोलत होती. अन्याय करणारा एक अधिकारी होता. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी "वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन" हे वचन काढून वाचलं. तिने शास्त्र मिटलं, पिशवीत ठेवलं, आणि ती पुन्हा कधी आली नाही. वचन खरंच होतं, पण मी ते तिच्या तोंडावर हात ठेवायला वापरलं. त्यामुळे या विषयावर मी लांबून, थंडपणे बोलू शकत नाही, हे आधीच सांगते.

तुमचे पाळक आणि तुमचा भाऊ एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलतात असं तुम्हाला वाटतं. मला मात्र दोघांच्या बोलण्याच्या तळाशी एकच समजूत दिसते. दोघांनीही वाटा दोनच धरल्या आहेत. सरकार सांगेल ते निमूट करायचं, नाहीतर सरकार पाडायचं. म्हणून पाळकांना साधा मोर्चाही बंड वाटतो आणि भावाला बंडाखेरीज बाकी सगळा भेकडपणा वाटतो. शास्त्रातली बहुतेक माणसं या दोन्ही वाटांच्या मधे उभी आहेत, आणि तिथे उभं राहणं त्यांना फार महाग पडलं आहे.

ज्याने तो अध्याय लिहिला त्या प्रेषित पौलाकडेच बघा. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीविना जाहीर फटके मारून तुरुंगात टाकतात. मध्यरात्री भूकंप होतो, दारं उघडतात, बेड्या गळून पडतात. पौल पळत नाही. पळाला असता तर तुरुंगाच्या नायकाने स्वतःचा जीव घेतला असता, तो तलवार उपसून तयारच होता. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप येतो, यांना सोडून द्या. आता पौल जात नाही! आम्हा रोमी नागरिकांना चौकशी न करता लोकांदेखत मारलंत आणि आता गुपचूप घालवून देता काय, स्वतः या आणि आम्हाला बाहेर काढा, असं तो कळवतो. अधिकारी घाबरून येतात आणि विनवण्या करतात.

ताई, दारं उघडी असताना जो पळाला नाही आणि 'जा' म्हटल्यावर जो गेला नाही, त्या माणसाने अधीनतेबद्दल लिहिलं आहे. तो शब्द त्याच्या तोंडी काय अर्थाने येत असेल, याचा आपण विचार करायला हवा. पुढे यरुशलेमेत फटके मारायला बांधतात तेव्हा तो शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याला, विचारतो, हे कायदेशीर आहे का? रोमी सुभेदार फेस्तापुढे उभा असताना तो कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो. शिक्षा तो चुकवत नाही, पण अन्यायाला न्याय म्हणायला तयार होत नाही. मूळ ग्रीकमध्येही पौलाने इथे वापरलेला शब्द 'खाली राहणं, आपली जागा मान्य करणं' या अर्थाचा आहे. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं असं इफिसकरांस लिहिताना त्याने वापरलेला शब्द वेगळा आहे. एका शब्दावर फार मोठी इमारत उभी करू नये, हे मला ठाऊक आहे. पण शब्द आणि माणसाचं चरित्र एकच सांगत असतील, तर ते ऐकायला हवं.

आता तो अध्याय. तो एकटा वाचू नका. पौलाच्या पत्रात अध्याय नव्हतेच, ती विभागणी तेराव्या शतकातली आहे. बाराव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनापासून सुरुवात करा आणि तेराव्याच्या दहाव्यापर्यंत न थांबता वाचत जा. छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, सूड उगवू नका, बऱ्याने वाइटाला जिंका, आणि लगेच त्याला लागून अधिकाऱ्यांचा विषय येतो. शेवट होतो तो प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही या वाक्यावर. पौल हे साधारण इ. स. ५७ च्या सुमारास सम्राट नीरोच्या राजधानीत, रोममध्ये, राहणाऱ्या मूठभर विश्वासणाऱ्यांना लिहितो आहे. त्यांच्या मनातला सूड त्याला काढून टाकायचा आहे. राजाला कोरा कागद सही करून द्यायला तो निघालेला नाही. चौथ्या वचनात अधिकारी हा 'तुझ्या हितासाठी देवाचा सेवक' आहे असं म्हटलंय. सेवकाला धनी असतो, आणि काम कसं केलं याचा जाब तो धनी विचारतो. म्हणजे हा अध्याय प्रजेला जितका बांधतो तितकाच राजालाही बांधतो. तो फक्त प्रजेला वाचून दाखवायचा आणि सत्तेला कधीच नाही, असं करणाऱ्याने अर्धाच वाचला आहे. योगायोग असा, की बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचाही, तेरावाच अध्याय आहे, आणि तिथे सत्ता स्वतःची पूजा मागते तेव्हा ती समुद्रातून वर येणारं श्वापद झालेली असते. दोन्ही अध्याय एकाच शास्त्रात आहेत. कोणताही एक फाडून टाकायची आपल्याला मुभा नाही.

भावाबद्दल बोलायचं, तर त्याने निवडलेला दाखला कच्चा आहे. चौरंग पालथे करणाऱ्यानेच काही दिवसांनी गेथशेमाने बागेत शिष्याला सांगितलं, तलवार म्यानात घाल. त्याने पहिल्या राजांच्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचायला हवा. इस्राएलचा राजा शलमोन याचा मुलगा रहबाम गादीवर येतो. लोक म्हणतात, तुझ्या बापाने आमच्यावर लादलेलं जू हलकं कर. तो उत्तर देतो, बापाने आसुडांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. दहा वंश फुटून निघतात. रहबाम सैन्य गोळा करतो तेव्हा देव संदेष्ट्याकरवी सांगतो, लढू नका, ही गोष्ट माझ्याकडून झाली आहे. म्हणजे प्रत्येक उठाव देवाविरुद्ध असतो, हे पाळकांचं म्हणणं शास्त्रात टिकत नाही. पण त्याच अध्यायाच्या शेवटी फुटून निघालेल्यांचा नवा राजा यराबाम दोन सोन्याची वासरं करून बेथेल आणि दान इथे बसवतो. नव्या सत्तेला भीती वाटली आणि तिने नवा देव घडवला.

त्याहून मला अस्वस्थ करते ती दुसऱ्या राजांच्या पुस्तकातली येहू या सेनापतीची गोष्ट. अलीशा संदेष्ट्याने माणूस पाठवून त्याला अभिषेक करवला. अहाब राजाचं जुलमी घराणं उखडायला तो निघाला आणि इज्रेलात त्याने रक्ताचे पाट वाहवले. पुढच्या शतकात होशेय संदेष्टा येतो, आणि त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो, इज्रेलच्या रक्तपाताबद्दल मी येहूच्या घराण्याला शासन करीन. ज्या क्रांतीची सुरुवात अभिषेकाने झाली, तिच्या रक्ताचाही हिशेब मागितला गेला. ही दोन पानं भावाबरोबर बसून वाचा. वाचून झाल्यावर काही समजावू नका. तो काय बोलतो ते फक्त ऐका.

मंडळीचा इतिहासही पाळकांच्या उपदेशाइतका सरळ नाही. मार्च १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या. ख्रिस्ताने मेंढपाळापासून थोरामोठ्यांपर्यंत सगळ्यांना आपल्या रक्ताने विकत घेतलं आहे, मग आम्ही कोणाचे गुलाम कसे, ही त्यातली तिसरी. आणि शेवटची अशी, की यातली कोणतीही मागणी शास्त्राविरुद्ध आहे असं दाखवून द्या, आम्ही ती मागे घेऊ. याहून नम्र बंड मला माहीत नाही. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने आधी सरदारांनाही खडसावलं होतं. पण शेतकऱ्यांनी गढ्या जाळायला सुरुवात केल्यावर त्याने त्यांना मारा, भोसका असं लिहिलं, रोमकरांस पत्राचा आधार देऊन. मेलेल्यांचे अंदाज लाखाच्या घरात जातात. आणि पाचच वर्षांनी, १५३० मध्ये, जर्मनीचा कॅथलिक बादशहा प्रोटेस्टंट सरदारांवर चालून येण्याची चिन्हं दिसू लागली तेव्हा कायदेपंडितांनी ल्यूथरला पटवलं, की सरदारांनी बादशहाला विरोध करणं कायद्याने रास्त आहे. ज्यांच्याकडे वकील होते त्यांचा विरोध चालला. ज्यांच्या हातात कोयते होते त्यांना तेरावा अध्याय मिळाला. ल्यूथरचे माझ्यावर मोठे उपकार आहेत, तरी हे मी त्याला माफ करू शकलेले नाही.

मात्र त्या झगड्यातूनच एक कामाचा विचार पुढे आला. १५५० मध्ये बादशहाच्या हुकमापुढे न झुकणाऱ्या माग्डेबुर्ग शहरातल्या पाळकांनी लिहून दिलं, की वरचा अधिकारी देवाच्या न्यायाविरुद्ध गेला तर खालच्या अधिकाऱ्यांनी प्रजेचं रक्षण केलं पाहिजे. दुसरा मोठा धर्मसुधारक कॅल्व्हिन यानेही आपल्या मोठ्या ग्रंथाच्या अगदी शेवटी हेच सांगितलं आहे. एकट्यादुकट्या माणसाने राजावर हात उगारू नये, पण राजाला आवर घालण्यासाठीच नेमलेले लोक गप्प बसले तर ते विश्वासघातकी आहेत. कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस तर तीन शतकं आधीच लिहून गेला होता, की स्वतःच्या फायद्यासाठी राज्य करणारा जुलमी हाच खरा फितूर आहे, त्याला हटवणं म्हणजे फितुरी नव्हे. पण पुढे त्याने अट घातली. हटवण्याच्या गोंधळात लोकांचे हाल जुलमापेक्षा जास्त होणार असतील, तर नाही.

आज कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकात सशस्त्र प्रतिकाराबद्दल ज्या अटी आहेत, त्या याच विचारातून आल्या आहेत. मूलभूत हक्क निश्चितपणे, गंभीरपणे आणि दीर्घकाळ तुडवले जात असले पाहिजेत. दाद मागायचे बाकीचे सगळे मार्ग संपलेले असावेत. प्रतिकाराने आणखी वाईट अनागोंदी माजता कामा नये. यश येईल अशी सबळ आशा हवी. आणि याहून बरा उपाय विचार करूनही दिसत नसावा. या अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. तुम्ही कॅथलिक नसलात तरी ही कसोटी वापरायला हरकत नाही, कारण ती भावाला 'तू चूक आहेस' म्हणत नाही, सिद्ध कर म्हणते. दुसऱ्या अटीपाशीच बहुतेकांचं घोडं अडतं. सगळे मार्ग म्हणजे कोणते, आणि आपण त्यातले किती चालून पाहिले? तुमच्या भावाच्या संतापात खरं दुःख आहे असं तुम्ही लिहिता. मग त्या दुःखासाठी त्याने आजवर किती अर्ज केले, किती पीडितांचे जबाब लिहून घेतले, कोणाच्या खटल्याला तो उभा राहिला, हे विचारा. टोमणा म्हणून विचारू नका. त्याच्याकडे खरंच लांबलचक उत्तर असू शकतं, आणि तसं असेल तर तुम्हाला तो नव्याने कळेल.

तो बोनहोफरचं नाव काढेल, बहुतेक जण काढतात. डीट्रिख बोनहोफर हा जर्मन पाळक हिटलरला हटवण्याच्या कटात सामील होता आणि ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिली गेली. पण त्याने स्वतःला निर्दोष ठरवलं नाही. जबाबदारीने वागणाऱ्याला कधी कधी दोष अंगावर घ्यावा लागतो आणि मग देवाच्या दयेवरच टेकावं लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. रक्त सांडलं तरी चालेल असं म्हणणारा माणूस त्याच्यापासून फार लांब उभा आहे. 'चालेल' या शब्दाचीच मला भीती वाटते, ताई. भावाशी बोलताना त्या एका शब्दापाशी थांबा.

मग वाट कुठे दिसते? फेब्रुवारी १९८६ मध्ये फिलिपिन्समध्ये निवडणुकीत उघड फसवणूक झाली तेव्हा तिथल्या बिशपांनी जाहीर केलं, की फसवणुकीने टिकवलेल्या सत्तेला नैतिक आधार नाही. आणि त्याच निवेदनात लोकांना अहिंसक लढा द्यायला सांगितलं. मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून हाक दिली, लोक रणगाड्यांपुढे जाऊन बसले, नन हातात जपमाळ घेऊन गुडघे टेकून होत्या. काही दिवसांत राष्ट्राध्यक्ष मार्कोस देश सोडून गेले. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये निकोलाय चर्चमधल्या सोमवारच्या शांतिप्रार्थना १९८० च्या दशकात सुरू झाल्या, आधी थोडकी माणसं असायची. ९ ऑक्टोबर १९८९ ला सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर होते आणि एकही गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. सत्ता उलथली हे खरं, आणि प्रार्थना सोडून कोणी गेलं नाही हेही खरं.

शांत मार्ग नेहमी जिंकतो असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी २३ मार्च १९८० च्या उपदेशात एल साल्वादोरच्या सैनिकांना सांगितलं, देवाच्या नियमाविरुद्धचा हुकूम पाळायला कोणताही सैनिक बांधलेला नाही. दुसऱ्या दिवशी मिस्सा (उपासना) अर्पण करत असतानाच त्यांना गोळी घातली गेली, आणि तिथलं यादवी युद्ध त्यानंतर बारा वर्षं चाललं. सशस्त्र उठाव कधीच रास्त नसतो, असं मी म्हणू शकत नाही. गुलामांच्या पाठीवर आसूड पडत असताना बाहेर सुरक्षित बसून तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ती कसोटी इतकी कठीण आहे, की आजवर ज्यांनी ती आपण पार केल्याचं सांगितलं त्यातल्या फार थोड्यांनी ती केली होती, असं माझं मत झालं आहे.

रोमेरोंच्या त्या वाक्यावरून आणखी एक आठवलं. मला लिहिणाऱ्यांत सरकारी चाकरीतली, गणवेशातली माणसंही आहेत. हुकूम मनाला पटत नाही, नोकरी सोडू का, असं ते विचारतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला सैनिकांनी 'आम्ही काय करावं' असं विचारलं तेव्हा त्याने नोकरी सोडायला सांगितलं नाही. जुलमाने पैसे उकळू नका, खोटे आरोप करू नका, असं सांगितलं. म्हणजे नेमका कोणता हुकूम मोडायचा, ते ठरवा. तो लेखी मागा, नकारही लेखी द्या, आणि परिणाम भोगायची तयारी घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

पाळकांशी तुम्ही एकट्याने बोलावं असं मला वाटतं, उपासनेनंतरच्या गर्दीत नाही, वेळ मागून. वाद घालायला जाऊ नका. दोन गोष्टी विचारा. पौल फिलिप्पैमध्ये सकाळी का गेला नाही, यावर तुम्ही कधी उपदेश कराल का? आणि माझा भाऊ परत आला तर त्याला बसायला जागा असेल का? कदाचित त्यांना मंडळीची काळजी असेल, एका मोर्चापायी सगळ्यांवर संकट येईल अशी भीती असेल. ती भीती खोटी नसते. पण भीतीला भीती म्हणावं, तिला वचनाचा झगा घालू नये. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना मात्र सोडू नका. ते न्यायाने वागोत, आणि वागत नसतील तर थांबवले जावोत, अशी प्रार्थनाही प्रार्थनाच आहे. भावाला ती करायला फार जड जाईल. तुम्हालाही जाईल.

तुमची मर्यादा भावाला स्पष्ट सांगा. माणसाच्या जिवाला इजा करण्याच्या कामात मी तुला पैसा, निरोप, आसरा काहीही देणार नाही. अटक झाली तर वकील शोधीन, डबा आणीन, सुनावणीला येऊन बसेन. हे दोन्ही एकाच दमात सांगा, म्हणजे पहिलं ऐकून तो उठून जाणार नाही.

येत्या रविवारी मुलांना काय शिकवू, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लहान अक्षरांत विचारलं आहे. निर्गमाचा पहिला अध्याय घ्या. फारोने इब्री सुइणींना सांगितलं, मुलगा झाला तर मारून टाका. त्यांनी मारलं नाही. त्यांनी फारोवर हल्ला केला नाही, राजवाडा जाळला नाही, फक्त ते एक काम केलं नाही, आणि त्या रात्री जन्मलेली बाळं जगली. त्या पुस्तकात फारोचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. सुइणींची नावं आहेत, शिप्रा आणि पुवा. मुलांना ती पाठ करायला सांगा.

आणि संध्याकाळची प्रार्थना. भाऊ येवो न येवो, तुम्ही नेहमीच्या वेळेला बसा, आणि त्याची जागा मोकळी ठेवा. तो दुसऱ्या खोलीत असला तरी ऐकू जाईल एवढ्या आवाजात, तो ज्यांच्यासाठी झगडतो आहे त्या लोकांची नावं घेऊन प्रार्थना करा. नावं ठाऊक नसतील तर आधी जाऊन त्यालाच विचारा.